मिरचीच्या आधीचं कोरियन ताट

घरी कोरियन काही करायचं म्हटलं की बहुतेकांच्या यादीत आधी येते गोचुजांग, म्हणजे ती लालभडक मिरचीची पेस्ट, आणि मागोमाग झटपट नूडल्सची पाकिटं. या जेवणाला पौष्टिक का म्हणतात, ते या दोन गोष्टींवरून कळणार नाही. त्यासाठी मिरची यायच्या आधीच्या कोरियात जावं लागतं.

मिरची तिथे पोहोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९२ ते १५९८ च्या जपानी स्वाऱ्यांच्या आसपास. १६१४ च्या एका ग्रंथात तिचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात मिरची उतरवली तीही त्याच शतकात. म्हणजे आपला तांबडा रस्सा आणि त्यांची लाल किमची, दोन्ही तशा अलीकडच्या. किमची मात्र मिरचीहून खूप जुनी. मुळा, काकडी, पालेभाजी मिठाच्या पाण्यात मुरवायची, रंग पांढराच.

या स्वयंपाकाचा खरा कणा सोयाबीन आहे. हिवाळ्याच्या तोंडावर सोयाबीन मऊ शिजवून कुटायचं, त्याच्या विटा थापायच्या आणि भाताच्या पेंढ्याने बांधून टांगायच्या. पेंढ्यातले आणि हवेतले जीवाणू त्यांना आंबवतात. या विटांना मेजू म्हणतात. हिवाळा सरता सरता त्या मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात बुडवतात, वर कोळसा आणि, मिरची आल्यापासून, सुक्या मिरच्या तरंगत ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पाणी वेगळं काढलं की तो झाला सोया सॉस, खाली उरलेला गोळा म्हणजे दोएनजांग. एका घाण्यातून वर्षभराची चव आणि प्रथिनं निघत. मांस क्वचित मिळणाऱ्या घरांना याचा फार मोठा आधार होता. हिवाळ्याआधी मिळून किमची घालण्याच्या प्रथेला, किमजांगला, युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जांग, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले असे सॉस आणि पेस्ट, बनवण्याची परंपरा त्या यादीत २०२४ मध्ये पोहोचली. मला विचाराल तर जांगचा मान आधीचा.

ताटाची मांडणीही याच काटकसरीतून आली. मध्ये भात आणि सूप, भोवती तोंडी लावणी, म्हणजे बानचान. घराच्या ऐपतीप्रमाणे ती तीन, पाच, सात, राजाला बारा. या मोजणीत भात, सूप आणि किमची धरत नाहीत, ती असायचीच. बानचानात मोठा वाटा नामुलचा: पालेभाजी किंवा मोड आलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यातून काढायचं, हाताने पिळायचं, थोडा लसूण, सोया सॉस आणि तिळाचं तेल लावून कालवायचं. फोडणी नाही, तळण नाही. मोड शिजताना झाकण मध्येच उघडायचं नाही, नाहीतर कच्चा उग्र वास राहतो, असं तिथल्या बायका सांगतात.

वसंतात मागचा तांदूळ संपलेला आणि जव अजून पिकायचा, त्या उपाशी दिवसांना बोरितगोगे म्हणत, म्हणजे ‘जवाचा घाट’. १९५०-५३ च्या युद्धानंतर अमेरिकेचा गहू आला. तांदूळ वाचवण्यासाठी सरकारने भातात जव मिसळायला आणि पिठाचे पदार्थ खायला सांगितलं, शाळेत मुलांचे डबे उघडून पाहिले जात. पहिलं कोरियन रामयन, म्हणजे झटपट नूडल्स, १९६३ मध्ये याच काळात बाजारात आलं. तळलेलं चिकन घरोघर पोहोचलं ते त्यानंतर, हाती पैसा आल्यावर. आज आपण मालिकांत पाहून जे करू पाहतो, त्यातलं बरंचसं या टप्प्याचं आहे.

जुन्या ताटातही एक गोष्ट जड आहे: मीठ. फ्रीज नसताना भाजी टिकवायची तर मीठ हवंच. २०११ च्या सुमारास दक्षिण कोरियात माणशी रोजचं सोडियम ४,८०० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २,००० ची. २०१२ पासून सरकारने ते कमी करण्याची मोहीम घेतली आणि आकडा बराच खाली आला. म्हणून घरी दोएनजांगचं सूप करताना पेस्ट निम्मी घाला, भोपळा, टोफू, मशरूम दुप्पट घाला आणि वरून मीठ टाकू नका. वाटीत तळाशी रस्सा उरला तर उरू द्या.