अम्हारिकचे विशेषण: प्रत्यय आधी, नाम मागून

इथिओपियाच्या राजधानीचे नाव अदिस अबाबा. अम्हारिक भाषेत ‘अद्दिस’ म्हणजे नवे आणि ‘अबेबा’ म्हणजे फूल. विशेषण आधी, नाम नंतर, क्रम मराठीचाच. याच शहरात ‘अद्दिसु गेबेया’ म्हणजे ‘नवा बाजार’ नावाची वस्ती आहे. तिथे मात्र ‘अद्दिस’ला ‘उ’ लागला आहे, आणि अम्हारिक विशेषणांची खरी गंमत या ‘उ’तच आहे.

हा प्रत्यय वस्तू ठरावीक, ओळखीची असल्याचे सांगतो. ‘बेत’ म्हणजे घर, ‘बेतु’ म्हणजे ते (आपल्याला ठाऊक असलेले) घर. पण नामाआधी विशेषण आले, की प्रत्यय नाम सोडून विशेषणावर जातो. ‘तिल्लिक बेत’ म्हणजे कुठलेतरी मोठे घर, ‘तिल्लिकु बेत’ म्हणजे ते मोठे घर. नवशिके हमखास दोन्हीकडे प्रत्यय लावतात आणि ‘तिल्लिकु बेतु’ म्हणून बसतात. ऐकणाऱ्याला त्यातून ‘त्याचे मोठे घर’ असे कळते, कारण नामावरचा ‘उ’ ‘त्याचे’ या अर्थानेही येतो. विशेषणे दोन असतील तर पहिल्याला प्रत्यय लागलाच पाहिजे, दुसऱ्याला ऐच्छिक. ‘बताम’ (खूप) हा शब्द पुढे आला तरी तो कोराच राहतो: ‘बताम तिल्लिकु बेत’.

कर्माचा ‘न’ही विशेषणावरच चढतो. ‘तिल्लिकुन बेत गझ्झा’ म्हणजे त्याने ते मोठे घर विकत घेतले. मराठीत ‘मोठ्या घराला’ म्हणताना विभक्तीचा प्रत्यय नाम घेते. इथे नामाचे अंग कोरडेच.

लिंगाप्रमाणे मूळ विशेषण बदलत नाही. लिंग कळते ते त्याच प्रत्ययातून. ‘लिज’ म्हणजे मूल, ‘कोंजो’ म्हणजे देखणे. ‘कोंजोव लिज’ हा मुलगा, ‘कोंजोवा लिज’ ही मुलगी. (स्वरान्त शब्दानंतर ‘उ’चा ‘व’ होतो.)

अनेकवचनासाठी विशेषण बदललेच पाहिजे असे नाही, पण ‘मोठमोठी घरे’ म्हणावे तशी द्विरुक्ती फार चालते. फरक इतकाच, की आपण अख्खा शब्द जवळजवळ दोनदा म्हणतो, तर अम्हारिक आतले व्यंजन दुणावते. ‘तिल्लिक’चे ‘तिलाल्लिक’, ‘रज्जिम’ (लांब, उंच) चे ‘रजाज्जिम’, ‘अद्दिस’चे ‘अदाद्दिस’.

नामापासून विशेषणे पाडायला प्रत्ययही आहेत: ‘होद’ म्हणजे पोट, ‘होदाम’ म्हणजे खादाड, ‘तरारा’ म्हणजे डोंगर, ‘तरारामा’ म्हणजे डोंगराळ.

तुलनेसाठी विशेषणाचे वेगळे रूप नाही. मराठीतला ‘पेक्षा’ शब्दाच्या शेवटी लागतो, अम्हारिकचा ‘क’ शब्दाच्या सुरुवातीला. ‘कझ्झिह बेत या बेत तिल्लिक नव’, म्हणजे या घरापेक्षा ते घर मोठे आहे. (इथला ‘या’ म्हणजे ‘ते’, मराठी माणूस फसतो तो इथेच.)

वाचताना आणखी एक अडचण येते. अम्हारिकची ‘फिदल’ लिपी व्यंजनाचे द्वित्व दाखवत नाही. ‘तिल्लिक’मध्ये ‘ल’ दुहेरी उच्चारला जातो, पण लिहिताना अक्षर एकच; ‘तिलाल्लिक’मध्ये दोन. छापील शब्दाबरोबर त्याचा उच्चार ऐकून घेतला नाही, तर द्वित्वे जिभेवर बसत नाहीत.