डिस्लेक्सिया असणाऱ्यांसाठी ऑनलाइन साधनं आणि तंत्रज्ञान

डिस्लेक्सिया म्हणजे डोकं नीट चालतंय, ऐकलेलं सगळं कळतंय, तोंडी विचारलं तर उत्तर फटकन येतंय, पण छापलेला शब्द दिसला की तो वाचताना अडखळायला होतं आणि लिहायला बसलं की स्पेलिंग, ऱ्हस्वदीर्घ काही हाताला लागत नाही. मराठीत याला वाचन अक्षमता म्हणतात. सरकारी कागदावर ती 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या मोठ्या गटात येते, लिहिण्याची डिसग्राफिया आणि आकड्यांची डिसकॅल्क्युलिया पण त्याच गटात. घरी आणि वर्गात मात्र तिची नावं वेगळीच असतात, 'लक्ष नाही', 'आळशी आहे', 'मोबाइल काढून घ्या त्याचा'.

गंमत म्हणजे ज्या मोबाइलला शिव्या पडतात त्याच मोबाइलमध्ये या मुलाच्या कामाची अर्धी साधनं आधीपासून पडलेली असतात, फुकट, फक्त सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत. यातल्या कुठल्याच साधनाने डिस्लेक्सिया 'बरा' होत नाही, तो आजारच नाही. वाचनाच्या घाटातून जाणाऱ्याला शेजारून दुसरा रस्ता काढून देणं एवढंच ही साधनं करतात, पण तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

थोडा इतिहास

डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन डॉक्टरांनी काढला, आणि ते होते डोळ्यांचे डॉक्टर. कदाचित त्यामुळेच हा डोळ्यांचा काहीतरी दोष आहे ही समजूत इतकी चिवट राहिली असावी. प्रत्यक्षात मुख्य अडचण आवाजाशी आहे, म्हणजे शब्द सुट्या ध्वनींमध्ये फोडायचा आणि प्रत्येक ध्वनीची अक्षराशी जोडी लावायची हे काम मेंदूला आपसूक जमत नाही.

१८९६ मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. स्वतःचं नाव लिहिताना तो अक्षरांची अदलाबदल करून 'प्रेसी' लिहायचा, आणि ७४९ गुणिले ८६७ मात्र पटकन आणि बरोबर करून दाखवायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं असं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा पोरगा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मास्तराने उपाय जवळजवळ सांगूनच टाकला होता, तोंडी शिकवा, पण प्रत्येक पुस्तक वाचून दाखवायला माणूस आणणार कुठून.

ते काम यंत्राकडे गेलं १९७६ मध्ये. अमेरिकेतल्या रे कर्झवाइल यांनी छापील पान स्कॅन करून मोठ्याने वाचणारं मशीन आणलं, टेबल व्यापेल एवढं. ते होतं दृष्टिहीनांसाठी, पहिल्या गिऱ्हाइकांत गायक स्टीव्ही वंडर होते. पुढे त्याच घराण्यातलं कर्झवाइल ३००० हे सॉफ्टवेअर खास वाचायला त्रास होणाऱ्यांसाठी निघालं. आज डिस्लेक्सियासाठी आपण जे वापरतो त्यातलं बरंच असंच दृष्टिहीनांसाठी बनलेल्या साधनांतून आलंय.

वाचून दाखवणारी साधनं

सगळ्यात कामाचा प्रकार हाच. २०१८ मध्ये या विषयावरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा ऐकत वाचल्याने मजकूर समजण्यात फायदा होतो असं दिसलं, फार मोठा नाही पण खरा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात 'सिलेक्ट टू स्पीक' असतं, ते चालू केलं की स्क्रीनवरच्या ज्या परिच्छेदावर बोट ठेवाल तो फोन वाचतो. गुगलच्या आवाजांत मराठी आहे आणि तो डाउनलोड करून ठेवला की नेट नसतानाही चालतो, रेंज नसलेल्या गावात हे महत्त्वाचं. आयफोनमध्ये 'स्पीक स्क्रीन' सेटिंगमधून एकदा चालू करायचं, मग दोन बोटं वरून खाली ओढली की पान वाचायला सुरुवात होते. कंप्युटरवर मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरचं 'रीड अलाउड' वापरून बघा, त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत आणि ते खरंच माणसासारखे वाटतात. ईस्पीक नावाचं मोफत इंजिनही मराठी बोलतं, पण त्याचा आवाज इतका डब्यातून आल्यासारखा आहे की लहान मूल पाच मिनिटांत कान काढून घेतं.

नुसतं ऐकण्यापेक्षा जो शब्द उच्चारला जातोय तोच स्क्रीनवर रंगत जाणं जास्त उपयोगी, कारण डोळा आणि कान एकाच शब्दावर राहतात. मायक्रोसॉफ्टचा 'इमर्सिव्ह रीडर' हे करतो, शिवाय आजूबाजूचा पसारा घालवतो, एका वेळी एकच ओळ दाखवतो, अक्षरं मोठी करतो. तो वननोट, वर्ड, एज सगळ्यांत आहे आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. स्पीचिफायसारखी ॲप्स याच कामाचे पैसे घेतात (त्याचे संस्थापक क्लिफ वाइट्झमन स्वतः डिस्लेक्सिक आहेत, ॲप चांगलं आहे), पण आधी फुकटातलं पुरतं वापरून बघावं आणि मगच कार्ड काढावं. वेगाचं बटण पण शोधून ठेवा. सुरुवातीला हळू लावायचा, सवय झाली की बरीच मुलं स्वतःच दीडपट करून ऐकतात.

मराठीत घोडं अडतं कुठे

आवाजावर नाही, मजकुरावर. जुन्या मराठी पीडीएफ फाइली बहुतेक वेळा युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-कंप्युटरना सारखीच कळणारी अक्षरपद्धत) नसतात, श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असतात, म्हणजे डोळ्याला मराठी दिसतं पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, आणि वाचक ॲप ती खिचडीच इमानेइतबारे वाचून दाखवतं. घरातले लोक म्हणतात ॲप बेकार आहे. ॲपची काही चूक नसते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, मराठी आलं तर फाइल चालेल, कचरा आला तर नाही.

कचरा आला, किंवा फाइल म्हणजे नुसते स्कॅन केलेले फोटो असले, तर ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा खरा मजकूर बनवणं. गुगल लेन्सने पानावर कॅमेरा धरला की मजकूर उचलता येतो आणि तिथल्या तिथे ऐकताही येतो, वहीवर किंवा फळ्यावर असलं तरी प्रयत्न करतो. मोठी फाइल असेल तर गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडायची. टेसरॅक्ट या मोफत ओसीआर सॉफ्टवेअरलाही मराठी येतं. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार यांत चुका होतात, त्यामुळे परीक्षेच्या अभ्यासाचा मजकूर असेल तर मोठ्या माणसाने एकदा नजर फिरवणं बरं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, दीक्षा ॲपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धड्याचे व्हिडिओही बघता येतात, तेव्हा निदान शाळेच्या पुस्तकांसाठी वणवण नाही.

कायद्याची बाजू लोकांना फारशी माहीत नसते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुलभ प्रत बनवणं कॉपीराइटचा भंग ठरत नाही. २०१३ च्या माराकेश करारात छापील मजकूर वाचता न येणारे सगळे धरलेत, वाचनाची अडचण असणारेसुद्धा, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय २०१६ मध्ये सुरू झालं, त्याचं सभासद व्हायला अपंगत्वाचा पुरावा लागतो. फक्त गोष्टी ऐकायच्या असतील तर स्टोरीटेल ॲपवर २०१७ पासून मराठी ऑडिओबुकं आहेत. 'ऐकलं म्हणजे वाचलं का' हा वाद ज्यांना घालायचाय त्यांनी खुशाल घालावा, पोराला कादंबरी कळली ना.

फॉन्ट, रंग आणि जाहिराती

डिस्लेक्सिया म्हटलं की पहिल्यांदा कोणीतरी खास फॉन्टची लिंक पाठवतं. क्रिस्तियान बुर या डच डिझायनरने, जे स्वतः डिस्लेक्सिक आहेत, २००८ मध्ये डिस्लेक्सी नावाचा फॉन्ट केला, मग २०११ मध्ये आबेलार्दो गोन्झालेझ यांचा मोफत ओपनडिस्लेक्सिक आला. दोन्हींत अक्षरांचं बूड जाड असतं, म्हणजे अक्षर उलटं होणार नाही अशी कल्पना. कल्पना गोड आहे पण अभ्यासांत वाचनाचा वेग किंवा अचूकपणा काही वाढलेला दिसला नाही. थोडा फायदा दिसतो तो मोकळ्या जागेचा असावा. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर केलेल्या प्रयोगात साध्याच फॉन्टमधल्या अक्षरांत जास्त जागा सोडल्यावर डिस्लेक्सिक मुलं जास्त वेगाने आणि कमी चुका करून वाचायला लागली होती.

हे सगळं रोमन लिपीचं झालं. ओपनडिस्लेक्सिकमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी पानावर तो लावला तरी मराठी मजकूर आहे तसाच राहतो. आणि अक्षरांत जागा सोडायला गेलं तर आपली शिरोरेषाच तुटते, शब्दाचे तुकडे झाल्यासारखे दिसतात. म्हणून मराठीत अक्षरांऐवजी दोन शब्दांत आणि दोन ओळींत जागा वाढवावी, आकार मोठा ठेवावा, ओळ आखूड ठेवावी. नोटो किंवा मुक्तासारखा साधा स्वच्छ फॉन्ट पुरतो. आपल्याकडची गफलत इंग्रजीसारखी b-d ची नसते, ती घ आणि ध ची, भ आणि म ची, ख चं 'रव' वाचण्याची असते. 'स्थिती'मध्ये पहिली वेलांटी सगळ्यांच्या आधी दिसते पण तिचा आवाज स आणि थ होऊन गेल्यावर येतो, रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. त्यात शाळेच्या पुस्तकात पाकळीचा ल आणि फोनवर हिंदी वळणाचा ल. ज्याला अक्षर ओळखायलाच जोर लागतो त्याच्यासाठी ही दोन वेगळी अक्षरं आहेत.

रंगीत काचा, रंगीत प्लास्टिकचे कागद, त्यांचे महागडे चष्मे यांना पुरावा नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच तसं स्पष्ट सांगितलंय. स्क्रीनची पार्श्वभूमी फिकट पिवळी करून कोणाला बरं वाटत असेल तर जरूर करावी, त्याला पैसे पडत नाहीत.

लिहिण्यासाठी

बोलून टाइप करणं. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर २०१७ पासून मराठी व्हॉइस टायपिंग आहे, गुगल डॉक्समध्येही आहे. मध्येच इंग्रजी शब्द आले किंवा घरची बोली जड असली की गडबडतं, विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, पण ज्या मुलाला निबंधाच्या चार ओळी लिहायला तास लागतो तो पाच मिनिटांत पानभर सांगून मोकळा होतो. लिहून झालं की तेच फोनकडून वाचून घ्यायचं, डोळ्याला न दिसलेली चूक कानाला लगेच टोचते. हाताने टाइप करायचं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र कीबोर्ड बघण्यासारखा आहे, व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्या भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, म्हणजे मात्रा आठवायची नाही, समोरून निवडायची. चॅटबॉटकडून अवघड उतारा सोप्या मराठीत करून घेता येतो, फक्त तो कधीकधी ठोकून देतो, तेव्हा मूळ उतारा शेजारी असू द्यावा.

सराव, तपासणी आणि परीक्षा

गुगलचं रीड अलाँग ॲप २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाने आलं आणि त्याच वर्षी त्यात मराठी आली, मूल मोठ्याने वाचतं आणि दिया नावाची ॲपमधली मुलगी अडलेला शब्द सांगते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर २०१५ पासून मोफत मराठी गोष्टी आहेत. सरावाला छान, पण अक्षर-आवाजाची जोडी पायरीपायरीने पक्की करून घेणाऱ्या विशेष शिक्षकाची जागा ही ॲप्स घेत नाहीत.

'दहा प्रश्नांत डिस्लेक्सिया ओळखा' छाप ऑनलाइन क्विझवर विसंबू नये. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. हे महत्त्वाचं आहे, कारण मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणीवर नापास करणं म्हणजे काहीच न तपासणं. माहितीसाठी मुंबईतली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करतेय. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आल्यापासून सवलतींना कायद्याचा आधार आहे, त्यासाठी प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नये.

सीबीएसईने २०१८ मध्ये अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत इंटरनेट नसलेला कंप्युटर वापरायला परवानगी दिली, उत्तरं टाइप करायला, प्रश्न मोठ्या अक्षरात बघायला किंवा ऐकायला. राज्य बोर्डाच्या मुलांना जास्तीचा वेळ आणि लेखनिक या सवलती जास्त ओळखीच्या. लेखनिकाला उत्तर सांगताना वाक्य आधी डोक्यात पूर्ण करून मग बोलावं लागतं, आणि बरीच मुलं तिथेच अडखळतात, कारण आयुष्यात कधी बोलून लिहिलेलंच नसतं. व्हॉइस टायपिंगवर वर्षभर गृहपाठ केलेल्या मुलाला ही सवय आधीच लागलेली असते.