चौकट, परवाना आणि ओलावा : सांगली-साताऱ्यातील लाकूडकाम व्यवसायाची पार्श्वभूमी

लाकडी चौकटी, दारे, खिडक्या आणि जिन्याचे भाग बनवणाऱ्या लहान कारखानदारांची संघटना वर्षभर नेमके काय करते, असा प्रश्न सांगली, मिरज किंवा कराडच्या एखाद्या वखारीत विचारला, तर उत्तर बहुधा कागदांच्या भाषेत मिळते. आरागिरणीचा परवाना, वाहतूक पास, जीएसटीचा कोड, फ्लश डोअरवरचा (सपाट पृष्ठभागाच्या दारावरचा) आयएसआय शिक्का, बिल्डरकडे अडकलेली येणी आणि पावसाळ्यात फुगलेल्या दारांच्या तक्रारी, हेच विषय वार्षिक सभांतून पुनःपुन्हा निघतात. बाहेरच्या माणसाला त्यात लाकूड कुठे आहे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या प्रत्येक विषयामागे बराच जुना इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय या संघटनांच्या कामाचे मोल कळत नाही, असे मला वाटते. म्हणून हे टिपण.

या भागात पूर्वी इमारतीचे लाकूडकाम हा स्वतंत्र धंदा नव्हता, तो सुताराच्या हातचा भाग होता. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा किंवा फलटणचा राजवाडा पाहिला, तर घराचा सांगाडाच लाकडाचा असल्याचे दिसते. खांब, त्यावरच्या तुळया, तुळयांवर कडीपाट (लाकडी कड्या व फळ्यांचे छत), आणि दर्शनी दाराला गणेशपट्टी. घराचे माप सांगतानाही लोक ‘किती खणांचे घर’ असे विचारत (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). गावातला सुतार बलुतेदार होता. नांगर, मोट, बैलगाडी आणि घराची चौकट ही कामे एकाच हातातून होत. कोणत्या बांधावरची बाभूळ जून झाली आहे, कोणते लाकूड किती पावसाळे खाऊन सुकले आहे, हे त्याला ठाऊक असे, आणि घरमालकालाही सुताराची तीन पिढ्यांची माहिती असे. लाकूड कुठले, वाळलेले आहे की नाही, काम पक्के होईल की नाही, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच माणसाच्या शब्दात मिळत असे. पुढच्या दोनशे वर्षांत नेमका हा शब्द कागदावर गेला.

त्याची सुरुवात जंगलापासून झाली. मुंबई इलाख्यात 1847 मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, 1864 मध्ये देशपातळीवर वनखाते उभे राहिले आणि सागवानाचे झाड ही सरकारच्या हिशेबातली वस्तू झाली. 1880 च्या दशकात पुण्याहून मिरजमार्गे दक्षिणेकडे रेल्वे आली. त्याआधी सह्याद्रीच्या रानातून बैलगाडीने जेवढे उतरेल तेवढेच लाकूड इथे मिळत होते; रेल्वेमुळे लोंढा-अळणावर बाजूचा माल मिरजेच्या यार्डात येऊ शकला. वखारींतून लाकडाला गावाची नावे पडली ती याच रेल्वेच्या व डेपोंच्या व्यवहारातून : दांडेली साग, वलसाडी साग, मध्य प्रांतातून येणारा सी.पी. साग, बल्लारशाचा साग, आणि सर्वांत वर बर्मा साग. सागाखेरीज जे काही ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा असेल ते सगळे ‘रायवळ’. आजही गिऱ्हाईक वखारीत आल्यावर याच नावांनी भाव विचारते, मग माल प्रत्यक्षात आफ्रिकेतून आलेला का असेना.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा टप्पा कायद्यांचा आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्याने लाकडाच्या वाहतुकीला पास लागत होताच. 1964 च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याने त्यात भर घातली आणि अनुसूचीत नाव असलेले झाड स्वतःच्या शेतात असले तरी ते परवानगीशिवाय तोडता येईनासे झाले. या कायद्याचा हेतू योग्यच होता. चांदोली आणि कोयनेचे रान आज जेवढे उरले आहे, 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामागे अशा नियंत्रणांचाही वाटा आहे. मात्र शिराळा किंवा पाटणच्या शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड आणि मिरजेतली चौकट यांच्यामध्ये कागदांची एक साखळी उभी राहिली, आणि त्यातली एक कडी निसटली तर पूर्ण माल संशयास्पद ठरू लागला.

12 डिसेंबर 1996 रोजी जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी ठरला. ‘वन’ या शब्दाचा अर्थ न्यायालयाने व्यापक केला. 2002 च्या ऑक्टोबरमधल्या आदेशाने विनापरवाना आरागिरण्या, व्हीनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) व प्लायवूडचे कारखाने चालू देण्यास राज्यांना मनाई झाली आणि नव्या गिरणीचा प्रश्न न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपर्यंत जाऊ लागला. दिल्लीत ठरलेल्या या गोष्टीचा परिणाम मिरजेच्या वखारीवर असा झाला की, गिरणीचा परवाना हीच एक मालमत्ता बनली. वडिलांच्या नावचा परवाना मुलाच्या नावे करणे, गिरणी शहराच्या वस्तीतून बाहेर हलवणे, जुनी मशीन बदलून नवी बसवणे, या साध्या गोष्टींना वर्षानुवर्षे लागू लागली. एकट्या माणसाला हे पेलणारे नव्हते. व्यापाऱ्यांचे सैलसर मंडळ आणि आजच्या अर्थाने संघटना यांतला फरक माझ्या मते याच काळात पडला. कारण यानंतर संघटनेला भाव ठरवण्यापेक्षा अर्ज लिहिण्याचे काम जास्त आले.

2015 मध्ये न्यायालयाने हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे जाऊ दिला आणि नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्राने लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. गोल ओंडका न कापता केवळ रीतसर खरेदी केलेला कापीव माल किंवा प्लायवूड वापरणाऱ्यांना परवान्यातून वगळण्याची वाट त्यातून निघाली. चौकट-दारे बनवणाऱ्या बहुसंख्य लहान कारखान्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण त्यांच्याकडे ओंडका येतच नाही, कापलेल्या दांड्या येतात. तरीही तपासणीच्या वेळी दांडी कुठून आली हे बिलावरून दाखवावे लागते. म्हणून खरेदीची बिले वर्षवार फाईल करून ठेवा, ही सूचना संघटनेच्या परिपत्रकात कितीही कंटाळवाणी वाटली तरी ती उगीच नसते.

देशी माल कमी पडू लागल्यावर आयातीने जागा भरली. कांडला बंदराच्या परिसरात, गांधीधामजवळ, आयात ओंडक्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि सांगली-साताऱ्यात घाना, टांझानिया, पनामा येथील साग तसेच मलेशियन साल येऊ लागले. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा बर्मा साग ही वखारीतली वरची पायरीच निखळली. आयातीबरोबर मापाचा एक जुना वादही नव्याने आला. हॉपस पद्धतीत ओंडक्याच्या घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि तो लांबीने गुणतात. गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच माप यातून येते. उरलेला भाग कापणीत जाणारी घट म्हणून सोडलेला असतो. पण आयातीचे काही कागद घनमीटरमध्ये, वखारीचा भाव घनफुटात आणि ओंडक्याचे माप हॉपसमध्ये असले, म्हणजे नव्या कारखानदाराला आपण किती लाकूड घेतले हेच कळत नाही. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, उंबऱ्यासह पाच बाय तीन इंचांची एक चौकट घेतली, तर तयार लाकूड जवळपास 2.2 घनफूट भरते. रंध्याखाली आणि तुकड्यांत जाणारा माल वेगळा. हे गणित पक्के नसेल तर भाव सांगतानाच तोटा होतो, आणि मापांचे साधे तक्ते छापून वाटणे हे संघटनेने करण्याजोग्या कामांपैकी सर्वांत उपयोगी काम आहे, असे अनुभवी मंडळी सांगतात ते खरे आहे.

आता ओलाव्याविषयी, कारण गिऱ्हाइकाशी होणारी बहुतेक भांडणे इथूनच सुरू होतात. ओल्या लाकडातले पाणी साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागले की लाकूड आकसू लागते; लांबीला जवळपास नाही, पण रुंदीला चांगलेच. हवेत दमटपणा वाढला की तेच लाकूड पुन्हा पाणी घेते आणि फुगते. भारतीय मानकांमध्ये म्हणूनच देशाचे हवामानानुसार पट्टे पाडून दारे-खिडक्यांच्या लाकडात किती ओलावा चालेल हे ठरवलेले आहे. सातारा जिल्ह्याची अडचण अशी की, या एका जिल्ह्यातच दोन-तीन हवामाने नांदतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळा आणि जत यांच्यात असेच अंतर आहे. मिरजेत एप्रिलमध्ये रंधून घट्ट बसवलेले दार महाबळेश्वरच्या बंगल्यात जुलैमध्ये चौकटीत अडकते, आणि ओल्या मालाची चौकट आटपाडीत नेऊन बसवली तर मार्चपर्यंत तिच्या कोपऱ्यातल्या कुसूभोवती (खोबणीत बसणाऱ्या लाकडी टोकाभोवती) नख जाईल एवढी फट पडते. सुताराचे काम दोन्हीकडे सारखेच चोख असते.

एका कारखान्यात मी हे जवळून पाहिले. कारखानदाराने ओलावामापकाचे दोन खिळे दांडीच्या टोकाला टेकवले तेव्हा आकडा बाराचा आला. मग त्याच दांडीचा मधून तुकडा पाडला आणि ताज्या कापावर खिळे टेकवले, तर एकोणीस. ‘टोक हवेवर असतं, ते लवकर वाळतं. गिऱ्हाइकाला टोक दाखवायचं आणि मधलं लपवायचं, हा धंदा नव्हे,’ असे म्हणून त्यांनी ती थप्पी पुन्हा पट्ट्या घालून सावलीत रचायला सांगितली. भट्टीत लाकूड वाळवण्याची सोय प्रत्येक लहान कारखान्याला परवडत नाही. सामाईक भट्टी, किमान सामाईक ओलावामापक, ही मागणी म्हणूनच जुनी आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत जुनीच राहील.

पुराचा विषय यालाच लागून येतो. कृष्णेची सांगलीतली धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. 2005 आणि 2021 लाही पूर आले, पण 2019 मध्ये घरांत पाणी कित्येक दिवस उभे राहिले. पाणी ओसरल्यावर प्लायवूडच्या व फायबर बोर्डच्या दारांचे थर सुटून ती पुस्तकासारखी उघडली होती. जुन्या सागवानी चौकटी मात्र चिखल धुतल्यावर आणि सावकाश वाळू दिल्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा कामाला आल्या. त्या वेळी घाईने ओल्या चौकटीत नवी दारे बसवली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उतरवावी लागली. पूररेषेतल्या घरांसाठी तळमजल्यावर कोणते दार वापरावे, याची माहिती लोकांपर्यंत नेण्याचे काम तेव्हापासून व्यावसायिकांच्या कर्तव्यात येऊन बसले आहे.

करांचा भाग थोडक्यात सांगतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा प्लायवूड आणि लाकडी चौकटींसारख्या वस्तू 28 टक्क्यांत होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या 18 टक्क्यांवर आल्या. देशभरच्या व्यापारी-उत्पादक संघटनांनी त्या चार-साडेचार महिन्यांत निवेदनांचा धडाका लावला होता.

येण्यांचा प्रश्न अधिक खोल आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून ते वेळेत न दिल्यास घेणाऱ्याला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट त्या वर्षी मिळत नाही. मात्र हे संरक्षण नोंदणीकृत उत्पादकाला आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. वखारही चालवायची आणि चौकटीही बनवायच्या, असा आपल्याकडचा मिश्र व्यवसाय असतो. उद्यम नोंदणीत (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) स्वतःला व्यापारी म्हणून लिहिलेल्या कारखानदाराला पैसे अडकल्यावर ही चूक उमगते. एका अर्जातला एक रकाना दुरुस्त करून देणे, हे संघटनेचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्यावर एखाद्या कारखान्याचा हंगाम तरतो.

कारागिरांच्या बाजूने 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. फ्लश डोअर व प्लायवूडवर आयएसआय चिन्ह सक्तीचे करणाऱ्या आदेशाची अंमलबजावणी 2025 मध्ये सुरू झाली, लहान व सूक्ष्म उद्योगांना त्यात थोडी अधिक मुदत मिळाली. चाचणीची यंत्रणा, नोंदवह्या आणि शुल्क यांचा भार दिवसाला दहा-पंधरा दारे करणाऱ्याला मोठ्या कंपनीइतकाच सोसावा लागतो, ही तक्रार मला रास्त वाटते.

शेवटी सरकारी कामांविषयी. जंगल वाचवण्यासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 1993 मध्ये आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती. त्यानंतर सरकारी इमारतींत लोखंडी पत्र्याच्या चौकटी आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या रूढ झाल्या, आणि सरकार करते तेच पक्के असा समज असल्याने खासगी बांधकामेही त्याच वाटेने गेली. शेतात लावलेल्या झाडांना बाजार मिळावा या विचाराने ती बंदी 2020 मध्ये उठवण्यात आली. पण सत्तावीस वर्षांत अंदाजपत्रक तयार करणाऱ्यांची एक अख्खी पिढी लाकडी चौकटीची बाब न लिहिताच मोठी झाली होती. त्यामुळे चौकट घेऊन अभियंत्याच्या कार्यालयात जाणाऱ्या कारखानदाराला आज तिच्यासोबत खरेदीचे बिल, वाहतूक पास आणि मधोमध कापून घेतलेला ओलाव्याचा आकडाही न्यावा लागतो. आणि टेबलावर ठेवलेल्या त्या कोपऱ्याच्या नमुन्यात कुसू खोबणीत कसा बसला आहे, हे तो न विचारताही उलटून दाखवतो.