इंडी गेम

बड्या प्रकाशक कंपनीच्या पैशावर अवलंबून न राहता एकट्याने किंवा मोजक्या माणसांनी तयार केलेला व्हिडिओ गेम. पैसा आणि माणसे दोन्ही तुटपुंजी असल्याने डोळे दिपवणारी दृश्ये यात क्वचितच असतात. तरीही काही इंडी गेम वर्षानुवर्षे विसरले जात नाहीत. त्यांत बहुधा खेळाचे नियमच कथा सांगतात.

ठळक उदाहरण लूकस पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज'चे (२०१३). 'नॉटी डॉग' या नामांकित स्टुडिओतून बाहेर पडलेल्या पोप यांनी जपानमध्ये राहून हा गेम जवळपास एकहाती केला, संगीतासकट. काळ १९८२, देश आर्स्टोत्स्का, अर्थातच काल्पनिक. खेळणारा तिथल्या सीमेवरचा तपासनीस. पासपोर्ट, परवाना, फोटो, मुदत ताडून पाहायची आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा, एवढेच काम. टेबल इतके अपुरे, की कागदांवर कागद चढतात आणि नेमका हवा तो खाली दडपतो. मजुरी तपासलेल्या माणसागणिक. चूक झाली की छापील ताकीद टेबलावर येऊन पडते. दिवसातल्या पहिल्या दोन माफ, तिसरीपासून दंड. रात्री उरल्यासुरल्या पैशांत भाडे, जेवण आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च भागवायचा. नाही भागला तर घरचे आजारी पडतात.

एका प्रवाशाचे कागद चोख असतात. जाताजाता तो विनवतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. तिच्याकडे प्रवेश-परवाना नसतो. आत सोडली तर ताकीद आपल्या नावावर, अडवली तर दोघांची ताटातूट. गेम यावर चकार शब्द काढत नाही, बाहेर रांग मात्र खोळंबलेली असते. याच रांगेत 'कोब्रास्तान' या अस्तित्वातच नसलेल्या देशाचा, हाताने रंगवलेला पासपोर्ट बिनदिक्कत पुढे करणारा जॉर्जीही भेटतो; त्याच्यावर रागावणे कठीण. २०१४ मध्ये या गेमला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचे सर्वोच्च पारितोषिक आणि बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीचा, पुरस्कार मिळाला.

नियमांऐवजी देखाव्याने लक्षात राहणारे इंडी गेमही आहेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' (२०२०) त्यांपैकी एक. त्यातली लढाई नेहमीच्याच वळणाची आहे. पण भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते, मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून दिसतात, आणि भिंतींवरच्या पौराणिक चित्रांपाशी पाऊल आपोआप थबकते.