विज्ञान कादंबरी : निवडक वाचन (सोलापूरच्या संदर्भात)

विज्ञानातील एखादे ज्ञात तत्त्व किंवा त्याचा तर्काला धरून केलेला विस्तार ज्या कादंबरीच्या कथानकाचा कणा असतो, ती विज्ञान कादंबरी होय. ते तत्त्व काढून घेतल्यावरही कथा उभी राहत असेल, तर यंत्रे, याने आणि प्रयोगशाळा कितीही असल्या तरी त्या कादंबरीला या प्रकारात धरू नये, असे मानणारा एक पक्ष आहे. विज्ञानाचे वातावरण असले तरी पुरे, असे दुसरा पक्ष म्हणतो. प्रस्तुत नोंदीतील निवड बहुतांशी पहिल्या पक्षाची कसोटी लावून केली आहे.

या प्रकाराचा आरंभ कोठून मानावा, हा जुना वाद आहे. दुसऱ्या शतकातील लुशियनच्या चंद्रप्रवासाच्या उपहासकथेपर्यंत काही अभ्यासक मागे जातात, तर काही योहानेस केप्लरच्या ‘सोम्नियम’वर थांबतात. केप्लरच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात चंद्रावरून आकाश कसे दिसेल याचे खगोलशास्त्रीय वर्णन आहे. मात्र तेथे पोहोचण्याचे साधन भुताखेतांचे आहे. ब्रिटिश विज्ञान कादंबरीकार ब्रायन ऑल्डिस यांनी १९७३ मध्ये मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीला आद्यत्वाचा मान दिला. तेथे मृत देहांचे अवयव जोडून घडवलेला जीव मंत्राने नव्हे, तर अभ्यासाने आणि प्रयोगाने जिवंत होतो, त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. या साहित्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मासिक मिळाले ते त्यानंतर शतकभराने, ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या ‘अमेझिंग स्टोरीज’मुळे (१९२६).

मराठीतील आरंभाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण ‘पहिली’ म्हणताना अनुवाद धरायचा की नाही आणि कथा व कादंबरी एकाच मापाने मोजायच्या की नाही, यावर उत्तर बदलते. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा मराठी अवतार क्रमशः येऊ लागला, असे सामान्यतः मानले जाते. नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) यांच्या ‘श्रीनिवासराव’ या कादंबरीत विज्ञानाधारित कल्पनेचा अंश असल्याचे काहींनी नोंदवले आहे. पण अंश असणे वेगळे आणि कणा असणे वेगळे. श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’ या कथेकडे पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून बोट दाखवले जाते. तिचा काळ १९११ ते १९१५ या दरम्यान धरतात. ती कथा असल्यामुळे कादंबरीचे आद्यत्व तिला देता येत नाही, ही गोष्ट जुन्या नोंदींमध्ये बऱ्याचदा नजरेआड झालेली दिसते. भारताच्या पातळीवर पाहता बंगालीत जगदीशचंद्र बोस यांची वादळावरील कथा १८९६ ची, तर रुकैया सखावत हुसेन यांची इंग्रजीतील ‘सुलतानाज् ड्रीम’ १९०५ ची आहे.

पुढील पिढ्यांना ही गोडी लावली ती प्रामुख्याने भा. रा. भागवत यांनी. व्हर्नच्या कादंबऱ्यांची त्यांनी केलेली ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही मराठी रूपे कुमारवाचकांसाठी असली, तरी प्रौढांनीही वाचनाचा आरंभ तेथूनच करावा. भाषांतराचा वास न येणारी भाषा हे त्यामागचे कारण. द. पां. खांबेटे आणि नारायण धारप हे मधल्या काळातील महत्त्वाचे लेखक. धारपांचे नाव भयकथेशी इतके जोडले गेले आहे, की त्यांची ‘नेनचिम’ ही विज्ञान कादंबरी ग्रंथालयांतही भयकथांच्या फळीवर सापडते. तेथून ती उचलावी.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले हे टोपणनाव होते. त्यांच्या कादंबऱ्यांपैकी ‘वामन परत न आला’ ही प्रथम वाचावी. प्राचीन संस्कृतीने पुरून ठेवलेल्या ज्ञानावरून माणूस यंत्रमानव घडवतो आणि तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाऱ्या वामनाचे नाव त्याला शोभू लागते, असे हे कथासूत्र आहे. त्यानंतर ‘प्रेषित’ आणि ‘व्हायरस’ घ्याव्यात. ‘अभयारण्य’ हे शीर्षक पाहून सोलापूरच्या वाचकाला नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी आठवला तर नवल नाही, पण या कादंबरीचा विषय निराळा आहे. नारळीकरांची पात्रे कधीकधी प्रमेय मांडण्यापुरती येतात, हा आक्षेप योग्य आहे; प्रमेय मात्र चोख असते. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) शेजारी ठेवून वाचली, तर हा गुणदोष कोणत्या घराण्यातून आला ते कळते. अरुण साधू यांची ‘विप्लवा’, लक्ष्मण लोंढे व चिंतामणी देशमुख यांची ‘देवांसि जीवे मारिले’ आणि भोपाळच्या वायुकांडाशी निगडित असलेली सुबोध जावडेकर यांची ‘आकांत’ यांचाही समावेश निवडीत करावा लागतो. नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा विज्ञान साहित्याला प्रथमच मान मिळाल्याची भावना व्यक्त झाली. तथापि २००७ च्या नागपूर संमेलनाचे अध्यक्ष साधू हेही विज्ञान कादंबरीकार होते. त्याआधीच्या वर्षी सोलापुरात भरलेल्या ७९ व्या संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली हे याच शहराचे सुपुत्र आणि अरण्यलेखक होते.

सोलापूरच्या वाचकासाठी यंत्र आणि मजूर यांच्या नात्यावरील कादंबऱ्यांना निवडीत वरचे स्थान द्यावे, असे या नोंदीचे मत आहे. १८७० च्या दशकात उभी राहिलेली ‘जुनी गिरणी’ १९६० च्या दशकात बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगाही थांबला, आणि शहराचे कापड गिरण्यांतून यंत्रमागाच्या कारखान्यांत गेले. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड या मागावरच्या यंत्रणेने विणली जाते. मागाच्या माथ्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोऱ्याने ओवलेली माळ फिरत असते. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते, तिचा आकडा उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा (उभा) धागा वर येतो. जेथे पुठ्ठा कोरा असेल तेथे धागा खालीच राहतो. मग धोटा बाण्याचा (आडवा) धागा घेऊन मधून जातो आणि माळ एका पुठ्ठ्याने पुढे सरकते. चादरीवरचा मोर अशा रीतीने ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या हजारो उत्तरांतून उमटतो. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याच्या १८०४ च्या सुमाराच्या या योजनेवरून चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रित पत्रे योजले. तेव्हा संगणकाच्या पूर्वजांची वंशावळ सांगताना मागाचे नाव टाळता येत नाही.

कर्ट व्हॉनेगट यांची ‘प्लेअर पियानो’ (१९५२) ही कादंबरी या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखी आहे. शीर्षकातला पियानो छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजतो, वाजवणारे बोट तेथे नसते. कादंबरीत रूडी हर्ट्‌झ नावाच्या कसबी कारागिराच्या हातांच्या हालचाली फितीवर नोंदवून घेतल्या जातात, आणि पुढे यंत्रे त्या फितीवर चालू लागल्यावर त्याची गरज उरत नाही. आपल्या कौशल्याची नोंद घेतली गेली याचा त्याला अभिमान वाटतो, ही त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट आहे. व्हॉनेगट जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला असताना तेथे त्यांनी आपोआप चालणारे धातू कापण्याचे (मिलिंग) यंत्र पाहिले होते. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून रूढ झालेला ‘रोबो’ हा शब्दही चेक भाषेतील सक्तीच्या श्रमाच्या शब्दावरून आला आहे. मराठीत त्याला ‘वेठ’ म्हणता येईल. चापेक यांची ‘वॉर विथ द न्यूट्स’ (१९३६) ही कादंबरीही याच धाग्याची आहे. तिच्यात वेठीला धरलेले यंत्र नसून पाण्यातला प्राणी आहे.

यापलीकडील जागतिक निवड थोडक्यात अशी : एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ (१८९५), रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३), स्तानिस्वाफ लेम यांची ‘सोलारिस’ (१९६१), अर्सुला ल ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९), आर्थर क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) आणि लिऊ त्सीशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ (ग्रंथरूपाने २००८). फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ (१९६५) पाण्याच्या टंचाईवर उभी आहे, त्यामुळे दुष्काळी पट्ट्यातील वाचकाला ती परकी वाटत नाही. पण तिचा विस्तार पाहता ती पहिली घेऊ नये. आयझॅक ॲसिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेला वाचकप्रियता अमाप असली, तरी गद्याची गोडी शोधणाऱ्याने लेमकडे आधी वळावे.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू घराघरांत बोलली जात असल्याने वाचनाची वाट एकच नाही. कन्नड वाचणाऱ्यांना राजशेखर भूसनूरमठ यांचे विज्ञानलेखन मुळातून वाचता येते. मराठी वाचकाकडे विज्ञानकथा बहुधा दिवाळी अंकांतून, विशेषतः ‘नवल’ आणि ‘धर्मभास्कर’ यांमधून, आधी आली आणि कादंबरी नंतर. जुन्या अंकांच्या रद्दीत ‘नवल’ दिसला, तर मुखपृष्ठावरून तो निव्वळ भयकथांचा समजून बाजूला सारू नये. त्यातील अनुक्रमणिका चाळूनच मग काय ते ठरवावे.