बूयांग हुआनवू तांग

बूयांग हुआनवू तांग : पक्षाघातानंतर शरीराची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णासाठी पारंपरिक चिनी वैद्यकात दिला जाणारा सात घटकांचा काढा. छिंग राजवटीतील वैद्य वांग छिंगरेन (१७६८–१८३१) यांनी १८३० मध्ये ‘यीलिन गायत्सुओ’, म्हणजे वैद्यकातील चुकांची दुरुस्ती, या ग्रंथात तो दिला. अर्धांग लुळे पडणे, तोंड व डोळा वाकडा होणे, जीभ जड होणे, ओठांच्या कडेने लाळ गळणे, मलावरोध आणि लघवीवर ताबा न राहणे ही तो काढा द्यावयाच्या रुग्णाची लक्षणे त्यांनी नोंदवली आहेत.

या काढ्याच्या मुळाशी एक सरळ हिशेब आहे. वांग यांच्या मते शरीरातील मूळ प्राणशक्ती (छी) दहा भाग असून ती दोन्ही बाजूंना पाच-पाच भाग वाटलेली असते. दोन भाग घटले, तरी प्रत्येक बाजूला चार उरतात आणि माणूस आजारी पडत नाही. पाच भाग घटले, की प्रत्येक बाजूला अडीचच उरतात. तेव्हा अशक्तपणा जाणवतो, पण अंग लुळे पडलेले नसते. पुढे रिकाम्या पडलेल्या वाहिन्यांतून उरलेली शक्ती एकाच बाजूला सरकली, की दुसरी बाजू निकामी होते. गेलेले पाच भाग परत आणणारा काढा, असा नावाचा अर्थ आहे. पक्षाघाताचे खापर वारा, उष्णता किंवा कफ यांवर फोडणाऱ्या पूर्वसूरींना वांग यांनी येथे सरळ खोडून काढले.

हाच हिशेब मात्रेतही उतरला आहे. कच्च्या हुआंगछीचे (ॲस्ट्रॅगॅलस या शिंबावंत वनस्पतीचे मूळ) प्रमाण चार लियांग, म्हणजे चाळीस छियान (ही वजनाची जुनी चिनी मापे). उरलेल्या सहा घटकांत दांगग्वीच्या (अँजेलिका या वनस्पतीच्या) मुळाची टोके दोन छियान, तांबड्या पिओनीचे मूळ दीड छियान, आणि छ्वानश्योंग (एका औषधी वनस्पतीचा कंद), पीचच्या बियांचा मगज, करडईच्या पाकळ्या व माती काढून स्वच्छ केलेले वाळके गांडूळ प्रत्येकी एक छियान. या सहांची बेरीज अवघी साडेसात छियान होते; शक्ती भरून काढणारे एकटे हुआंगछी, रक्त वाहते करणाऱ्या सहांच्या पाचपटींहून अधिक आहे. महाराष्ट्रात तेलबियांसाठी पिकवली जाणारी करडई ती हीच. चिनी औषधात मात्र तिची फुले वापरतात. आजच्या चिनी पाठ्यपुस्तकांत हुआंगछी १२० ग्रॅम दिलेले आढळते, पण अनेक वैद्य ३० ते ६० ग्रॅमपासून सुरुवात करतात. बिचकणाऱ्या रुग्णाला आधी एक-दोन लियांगच द्यावे आणि हळूहळू चारपर्यंत न्यावे, अशी सवलत स्वतः वांग यांनीही ठेवली होती.

वांग यांची शरीररचनेची आवड त्या काळात विरळ होती. १७९७ मध्ये उत्तर चीनमधील ल्वानजोउ भागात साथीत दगावलेल्या मुलांची उथळ पुरलेली, कुत्र्यांनी उकरलेली प्रेते त्यांनी बारकाईने पाहिली. स्मरणशक्तीचे स्थान हृदय नसून मेंदू आहे, असे त्यांनी ठामपणे लिहिले. मात्र मृत शरीरातील रोहिण्या रिकाम्या दिसल्याने त्यांतून वायू वाहतो, असा चुकीचा निष्कर्षही काढला. चुका दुरुस्त करायला निघालेल्या ग्रंथात अशी नवी चूक शिरली, तरी काढा टिकला.

त्याच्या वापराला मर्यादा घातली ती पुढे जांग शीछुन (१८६०–१९३३) या वैद्यांनी. नाडी जोरकस असलेल्या, डोक्याकडे रक्त चढलेल्या रुग्णाला एवढे हुआंगछी दिल्यास अपाय होईल, असा इशारा त्यांनी दिला. म्हणूनच परंपरेतही हा काढा झटका ओसरल्यानंतरच्या, नाडी मंद असलेल्या रुग्णासाठी मानला जातो. मेंदूत रक्तस्राव चालू असताना तो देत नाहीत.

गांडुळापासून लुंब्रोकायनेज हे रक्ताच्या गुठळीतील फायब्रिन विरघळवणारे विकर वेगळे करण्यात आले आहे. पण उकळलेल्या काढ्यात ते कार्यक्षम राहते, असे त्यावरून ठरत नाही. काढ्यावरील चिनी चाचण्यांतून अनुकूल निष्कर्ष वारंवार आले, तरी त्यांतील बऱ्याच चाचण्या लहान आणि सदोष आखणीच्या आहेत. तातडीच्या उपचाराला तो पर्याय नाही. शिवाय दांगग्वी वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकते, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना न सांगता हा काढा घेणे धोक्याचे आहे.