बॅकपॅक प्रॉप

विज्ञानकथेतील पात्राचे सोंग घेताना पाठीवर वागवायची बनावट यंत्रपेटी. उड्डाणयंत्र, ऊर्जासंच, प्राणवायूच्या टाक्या अशी तिची रूपे असतात. यंत्र चालत नाही. ते पाठीवर घेऊन माणसाला मात्र चालावे लागते.

उगमाविषयी एकमत नाही. न्यूयॉर्कला जुलै १९३९ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हे विज्ञानकथांचे दोन चाहते भविष्यकालीन पोशाखात आले, तिथून सुरुवात झाल्याचे सहसा सांगतात. वेशभूषेपुरते ते मान्य करता येईल; पण डग्लस यांनी बेतलेल्या त्या पोशाखांत नजरेत भरते ती केप (खांद्यांवरून सोडलेला झगा), पाठीवरचे यंत्र नव्हे. दुसरा पक्ष ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथा मासिकाच्या ऑगस्ट १९२८ च्या मुखपृष्ठाकडे बोट दाखवतो. त्यावरचा उडता माणूस म्हणजे विज्ञानकथांचा नायक बक रॉजर्स असल्याचे वारंवार छापले गेले आहे. वास्तविक फ्रँक आर. पॉल यांचे ते चित्र त्याच अंकातील ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ या कादंबरीचे आहे. शिवाय चित्रातल्या यंत्राचे ओझे कोणाला होत नाही. अंगावर घालून वावरणे ही कसोटी लावल्यास ‘किंग ऑफ द रॉकेट मेन’ (१९४९) या चित्रपटमालिकेतील, पाठीला दोन रॉकेट-नळकांडी लावलेल्या चामडी जाकिटाचा दावा अधिक सबळ वाटतो. उड्डाणाच्या दृश्यांत ते तारेवरच्या पुतळ्याला घातलेले असे, ही गोष्ट वेगळी. पाठीवर बांधून उडायचा खरा रॉकेट-पट्टा त्यानंतर एका तपाने, २० एप्रिल १९६१ रोजी हॅरोल्ड ग्रॅहम यांनी मोकळ्या हवेत उडवला, तोही जेमतेम १३ सेकंद.

आजच्या कारागिरांपुढचा नमुना म्हणजे ‘घोस्टबस्टर्स’ (१९८४) या चित्रपटातील प्रोटॉन पॅक, म्हणजे भुते पकडणाऱ्यांच्या पाठीवरचे यंत्र. त्याचे फायबरग्लासचे कवच अमेरिकी लष्कराच्या ‘ॲलिस’ पाठपिशवीच्या धातूच्या सांगाड्यावर बसवले होते. धावपळीच्या दृश्यांसाठी रबरी फोमच्या हलक्या प्रती होत्या. सांगाड्याचे महत्त्व इथे कळते. पट्टे थेट कवचाला जोडले, तर दर पावलाचा हिसका स्क्रूच्या भोकांवर येतो आणि तिथूनच तडा जातो. सांगाडा असला की कंबरपट्टा आवळून भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर उतरवता येतो. बॅटरीसारखे जड भाग पाठीला लागून ठेवतात. ते बाहेरच्या टोकाला गेले, की वजन तेवढेच असूनही घालणारा पुढे वाकतो.

कवचासाठी ईव्हीए फोम, म्हणजे रबरासारखा हलका फोम, रूढ आहे. हीट गनच्या गरम हवेने तापवून तो वळवतात व कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह या गोंदाने जोडतात. थ्रीडी प्रिंटचे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उन्हात बंद मोटारीत ठेवलेली पेटी वाकडी निघते ती यामुळे.

दिव्यांच्या हिशेबात चूक सर्रास होते. डब्ल्यूएस२८१२ जातीचा एक रंगबदलू एलईडी दिवा पूर्ण पांढरा पेटल्यास सुमारे ६० मिलिॲम्पियर प्रवाह घेतो. म्हणजे ६० दिव्यांना ५ व्होल्टवर साडेतीन अँपियरहून अधिक. मोबाइलची साधी पॉवर बँक एवढ्याला पुरत नाही, म्हणून तेज दिवे चालवणाऱ्या प्रोग्राममधूनच उतरवतात. फ्यूज बॅटरीच्या लगत हवा, कारण घर्षणाने सोलली जाणारी तार माणसाच्या पाठीशी असते.

रंगकामात, वापरून झिजलेला धातू वाटावा म्हणून, काळ्याखाली चंदेरी थर देऊन कडा खरवडतात. पेटी जमिनीवर टेकते त्या बुडाच्या कडा सर्वांत जास्त.